दप्तरात न आलेली कैफियत

शिरूर तालुक्यातील केंदूरच्या शिवारात, कांदाचाळीच्या सावलीत बसून एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तपासणीचे कागद काढून माझ्यापुढे ठेवले, तेव्हा हिमोग्लोबिनपासून प्लेटलेटपर्यंत सर्व आकडे मर्यादेत होते. आणि तरीही, जो मनुष्य एके काळी कान्हुराज पाठकांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी जात असे, तो २०२१ च्या उन्हाळ्यात करोना होऊन गेल्यापासून विहिरीच्या निम्म्या पायऱ्यांवरच धाप लागून थांबत होता. “सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग माझा दम गेला कुठं?” असे त्याने विचारले. घरच्यांनी आळशी ठरविल्याचे दुःख त्या प्रश्नात आजाराहून अधिक होते.

रक्ताची नेहमीची तपासणी पेशींची संख्या सांगते, आकारमान सांगते. त्यांची लवचिकता सांगत नाही. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर, आणि जिच्यातून तिला प्राणवायू पोचवावयाचा ती केशवाहिनी पुष्कळदा तिच्याहूनही अरुंद, त्यामुळे अंग चोळून, आकार बदलून तिला वाट काढावी लागते. जर्मनीतील एर्लांगनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांना २०२१ साली असे आढळले की करोनाने पेशींचा आकार व ताठरपणा बदलतो, आणि काहींच्या बाबतीत हा पालट महिनोन्‌महिने टिकतो. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश विद्यापीठाच्या रेसिया प्रिटोरियस यांनी त्याच वर्षी करोनानंतरही लक्षणे रेंगाळलेल्या रुग्णांच्या रक्तात सहजी न विरघळणाऱ्या सूक्ष्म गुठळ्या दाखविल्या. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरास झालेल्या इजेचाही विचार त्यासोबत होतो. या गुठळ्यांच्या महत्त्वाविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणीही आपल्या मनाने घेऊ नयेत. आमच्या शेतकऱ्याला हेच झाले आहे असेही मी म्हणत नाही. क्षय, हृदयविकार, मधुमेह यांची शंका आधी फेडलीच पाहिजे. परंतु निर्दोष अहवाल हा निरोगीपणाचा दाखला नव्हे, एवढे तरी या संशोधनाने निर्विवाद केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये करोनानंतर रेंगाळणाऱ्या या व्याधीची व्याख्या केली, तरी खेड्यातील दवाखान्याच्या नोंदवहीत तिला स्वतंत्र रकाना नाही. तेथे ती ‘अशक्तपणा’ होते आणि शक्तीच्या गोळ्यांवर निकालात निघते. याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुक येथे, डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या केईएम रुग्णालयाच्या ग्रामीण आरोग्यकार्यातून २००२ पासून २२ गावांत घरोघर जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची खानेसुमारी चालत आली आहे. आणि २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन पथके उंबऱ्याउंबऱ्याशी गेलीच होती. मोजण्याची विद्या आपल्याला नवी नाही. जिल्हा परिषदेने हुकूम काढून एक रकाना वाढवावा, आणि तक्रार करणाऱ्या प्रत्येकास सहा मिनिटे चालवून, चालण्याआधीचा व नंतरचा प्राणवायू आणि कापलेले अंतर टिपण्याची तजवीज करावी. यास घड्याळ, मोजपट्टी, ऑक्सिमीटर आणि आरोग्यसेविकेची थोडी सवड पुरे.

त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चौदा कागद होते; तो किती पावले चालू शकतो, हे त्यांतील एकावरही लिहिलेले नव्हते.