न्यूट्रल नावाची अंधश्रद्धा

आमच्या घराण्यात गाडीविषयीचं एक ज्ञान पिढीजात चालत आलंय. उतार दिसला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. "बघ, फुकटात चाललीय!" असं म्हणून शेजारी बसलेल्याकडे विजयी मुद्रेनं पाहायचं. काकांच्या फियाटमध्ये ही विद्या सुरू झाली, पुढं मारुती ८०० मध्ये तिची भरभराट झाली आणि आता तिसऱ्या पिढीच्या हातात ऑटोमॅटिक गाड्या आल्या तरी ती काही जायला तयार नाही. ज्यांच्या अंगात ती फारच भिनलीय ते तर चावीसुद्धा फिरवून इंजिन बंद करतात.

परवा आमच्या आत्येभावानं हायब्रिड गाडी घेतली. पेढे खाऊन झाल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, तू तीन वर्षं हायब्रिड चालवतोयस ना, मग घाटात हिला 'एन'वर टाकली तर अजून किती देईल?" त्याला तोंडी उत्तर दिलं, पण घरातल्या निम्म्या लोकांच्या मनात हाच प्रश्न असणार याची मला खात्री आहे. म्हणून ही पोस्ट.

मत आधीच सांगून टाकतो. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणं ही आजच्या काळात अंधश्रद्धा आहे, आणि इतर बऱ्याच अंधश्रद्धांसारखी निरुपद्रवीही नाही. हायब्रिड गाडी हा तिच्यावरचा चांगला उतारा आहे. पण तो उतारा प्रत्येकानं विकत घेतलाच पाहिजे असंही नाही, कारण त्यातली निम्मी गोष्ट कोणत्याही गाडीत फुकट मिळते.

आधी काकांच्या बाजूनं बोलतो. त्यांचं ज्ञान मुळात खोटं नव्हतं. कार्बोरेटरच्या गाडीत तुम्ही ॲक्सिलरेटर सोडलात तरी इंजिन जितकं फिरेल तितकं थोडंथोडं पेट्रोल ओढत राहायचं. गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, न्यूट्रलमध्ये हळू. म्हणजे न्यूट्रलमध्ये खरंच थोडं वाचायचं. पुढं कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं (गाड्यांच्या मागे 'एमपीएफआय' अशी अक्षरं मिरवायचे ते दिवस आठवतात?). आता पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा काँप्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि चाकंच इंजिनाला फिरवताहेत हे त्याला कळलं, की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो. थोडं नाही, शून्य! उलट न्यूट्रल टाकलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून काँप्युटरला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे ज्या कृतीनं काकांचं पेट्रोल वाचत होतं, त्याच कृतीनं आपलं जळतं. काळ बदलला, मंत्र तोच राहिला.

हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी जरा लांबपर्यंत घरंगळते हे मान्य, कारण तिला इंजिनाची ओढ नसते. पण ज्या उतारावर ब्रेक लावावाच लागतो, म्हणजे घाटात, तिथं न्यूट्रलचा फायदा शून्य आणि तोटा मात्र मोठा. वेग रोखण्याचं सगळं काम एकट्या ब्रेकवर पडतं. ब्रेक तापतात, तापले की धरेनासे होतात. चावी बंद केली तर अजून वाईट. ब्रेकला इंजिनाकडून जी मदत मिळते ती दोन-तीनदा पाय दाबेपर्यंतच उरते, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. स्टिअरिंग जड होतं. ट्रकमध्ये तर ब्रेकला लागणारी हवा इंजिनावरच भरते.

हे पुस्तकी वाटत असेल तर पुणेकरांना एकच तारीख सांगतो : २० नोव्हेंबर २०२२. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका मालवाहू गाडीनं जवळजवळ अठ्ठेचाळीस वाहनांना धडक दिली. कित्येक जण जखमी झाले. सुरुवातीला सगळीकडे 'ब्रेक फेल' असंच आलं. नंतर पोलिसांनी सांगितलं की ब्रेक निकामी झालेले नव्हते, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये होती. काही रुपयांच्या डिझेलसाठी! त्या उतारावरून आपल्यातले किती जण रोज येतात-जातात ते मोजून बघा.

आणि हा वेडेपणा काही फक्त आपल्याकडचाच नाही बरं का. २००८ साली अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं तेव्हा तिथं थेंबाथेंबाचा हिशेब ठेवत गाडी चालवणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला. त्याला 'हायपरमायलिंग' म्हणत. ऑक्सफर्डच्या अमेरिकन शब्दकोशानं तो त्या वर्षीचा शब्द म्हणूनही निवडला. त्यांच्या बऱ्याच युक्त्या शहाणपणाच्या होत्या, पण काही जण इंजिन बंद करून घरंगळणं आणि ट्रकच्या अगदी मागे चिकटून हवेचा विरोध चुकवणं असलेही प्रकार करायचे. बचतीची नशा चढली की माणूस कुठल्याही देशातला असो, सारखाच वागतो.

आता आमच्या मामांविषयी. मामा एस.टी.त चालक होते, जन्म घाटात गेला. एस.टी.त दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर असा हिशेब ठेवतात, आणि मामांचा आकडा डेपोत कायम वरच्या काही जणांत असायचा. घरातला खरा 'मायलेज किंग' तोच माणूस! पण मामांनी आयुष्यात कधी घाटात न्यूट्रल टाकलं नाही. त्यांचा नियम एकच : ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. मग डिझेल कुठून वाचायचं? मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "अरे, ब्रेक कमी लावायचा. ब्रेक लावला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल फेकून दिलं."

याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही ऑटो मासिकात वाचलेली नाही. गाडीला वेग द्यायला इंधन जळतं, आणि ब्रेक त्या वेगाची नुसती उष्णता करून हवेत सोडतो. मामा म्हणून लांब बघायचे. पुढचा सिग्नल लाल आहे, पुढची बैलगाडी हळू आहे, वळणापलीकडे गाव आहे... पाय आधीच उचललेला असायचा. प्रवाशांना पत्ताही लागायचा नाही.

हायब्रिड गाडी नेमकी इथं कामाला येते. मामांना जी ऊर्जा वाचवता येत नव्हती, म्हणजे ब्रेक लावावाच लागला तर जाणारी, त्यातली बरीचशी ही गाडी परत मिळवते. ब्रेकवर हलका पाय ठेवला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडीचा वेग खाते आणि वीज बॅटरीत भरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, पण ब्रेक, स्टिअरिंग, एसी सगळं विजेवर चालू राहतं. म्हणजे बघा, काका चावी फिरवून जे करू पाहत होते तेच ही गाडी करते, फक्त जीव धोक्यात न घालता.

या गाडीत 'एन' टाकलं तर काय होईल? मोटर सुटी होते, वीज भरणं थांबतं आणि घाटातून आयती मिळणारी कमाई बुडते. पैसे वाचवायला दुकानाचं शटर ओढून घेण्यासारखं आहे ते.

एक गमतीचा हिशेब सांगतो. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना आपण सुमारे पाचशे मीटर खाली येतो. माणसांसकट दीड टनाची गाडी धरली तर या उतारात साधारण दोन युनिट वीज होईल इतकी ऊर्जा दडलेली असते (आपल्या लाईट बिलातलं युनिट, तेच). आणि आपल्याकडे मिळणाऱ्या अशा मध्यम गाड्यांच्या बॅटरीत एक युनिटसुद्धा मावत नाही! हवा आणि टायर आपला वाटा खातात, तरी अर्ध्या-पाऊण घाटात बॅटरी भरून जाते. मग अचानक इंजिन घरघरायला लागतं आणि नवा मालक घाबरतो. घाबरू नका. जागा संपली म्हणून गाडी इंजिनाला नुसतं फिरवून वेग रोखतेय, त्यात पेट्रोल जळत नाही. ज्या गाड्यांत 'बी' असतं त्यांत उतारावर ते टाकायचं. मामांचाच नियम, अक्षर नवं.

आता तीन वर्षांचा अनुभव थोडक्यात. पुण्याच्या गर्दीत माझी गाडी टाकी-ते-टाकी मोजून लिटरला वीस-बावीस देते (नाव लिहीत नाही, हा जाहिरातीचा ब्लॉग नाही :-)). पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन गरम होईपर्यंत ॲव्हरेज वाईटच येतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला चालत जाणं हे सर्वोत्तम तंत्र. मुद्दाम गोगलगाईसारखं निघून नुसतं विजेवर चालवण्यात अर्थ नाही, कारण बॅटरीतली वीजही बहुतेक पेट्रोलातूनच आलेली असते. नीट वेग घ्यायचा, मग पाय हलका करायचा. ब्रेक लवकर आणि हळू लावायचा, कारण कचकन दाबलात की साधे ब्रेक कामाला लागतात आणि वीज भरत नाही. टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघायची. एवढंच. समोरच्या पडद्यावरचा काटा दर मिनिटाला तुमच्या पायाचं प्रगतिपुस्तक दाखवत असतो, तो खरा मास्तर.

हायवेवर मात्र हायब्रिडचं तेज फिकं पडतं. तिथं ब्रेकच लागत नाही, मग परत काय मिळवणार? तिथला शत्रू हवा. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. एक्स्प्रेसवे साधारण ९५ किलोमीटरचा. सलग ८० नं गेलात तर १०० च्या मानानं चौदा मिनिटं उशीर होतो. चौदा मिनिटं! फूडमॉलच्या चहाच्या रांगेत याहून जास्त जातात. आणि हे कोणत्याही गाडीला लागू आहे, त्याला हायब्रिड नको.

म्हणून घ्यायची की नाही हा प्रश्न 'किती देते?' एवढ्यावर सोडवू नका. जाहिरातीत लिटरला २७.९७ वगैरे आकडे असतात, ते ठरावीक चाचणीतले असतात. आपला हिशेब आपणच करा. पेट्रोल शंभर रुपये धरू. शहरात महिन्याला हजार किलोमीटर, साधी गाडी १२ देते आणि हायब्रिड २०, तर महिन्याला सुमारे ३३ लिटर वाचतं, म्हणजे वर्षाला चाळीस हजार. गाडी तीन लाखांनी महाग असेल तर साडेसात वर्षं लागली वसुलीला. दोन हजार किलोमीटर असेल तर चार वर्षांच्या आत. पण तेच हजार किलोमीटर बहुतेक हायवेवर असतील, साधी १६ आणि हायब्रिड १९ देत असेल, तर वर्षाला जेमतेम बारा हजार वाचतात. वसुलीला पंचवीस वर्षं! तोपर्यंत गाडी कुठं आणि आपण कुठं. बॅटरीची हमी साधारण आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची असते, तोही हिशेबात धरायचा आकडा आहे.

थोडक्यात, रोज शहरातल्या गर्दीत अडकणाऱ्यानं आणि बऱ्यापैकी फिरणाऱ्यानं जरूर घ्यावी. निवृत्त होऊन महिन्यातून एकदा गावी जाणाऱ्यानं तीन लाख मुदत ठेवीत टाकावेत आणि मामांसारखं चालवावं. (आत्या, तू वाचत असशील तर हे तुझ्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखव.)

मला एका गोष्टीची चिंता वाटते. बचत म्हटलं की आपल्याला लगेच काहीतरी बंद करायचं सुचतं. इंजिन बंद, एसी बंद, गिअर सोडून दे. मामांची बचत वेगळी होती, ती डोळे उघडे ठेवण्यातून येत होती. पुढच्या पाचशे मीटरमध्ये काय होणार आहे हे ज्याला दिसतं, त्याचं इंधनही वाचतं आणि माणसंही वाचतात. हायब्रिड घेतलेला माणूस मागच्याच्या नंबरप्लेटला चिकटून, कचाकच ब्रेक मारत जाताना मी रोज पाहतो, तेव्हा वाटतं की यानं तीन लाख रुपये यंत्रावर घालवले आणि फुकटातली गोष्ट शिकलाच नाही.

तुमच्या घरातही न्यूट्रलचे भक्त असतीलच. त्यांचं मन वळवायचा कोणाला काही उपाय सापडला असेल तर खाली जरूर लिहा. आमच्या काकांवर अजून कुठलाच चाललेला नाही.