वर्धेकरांनी मतदान करून नीलपंखाला ‘शहरपक्षी’ केलं. पण त्याच्या घराचं काय?

२०१८ मध्ये वर्ध्यात एक वेगळीच निवडणूक झाली. उमेदवार होते पक्षी. बहार नेचर फाउंडेशन ही संस्था आणि वर्धा नगरपरिषद यांच्या पुढाकारानं लोकांनी शहरपक्षी निवडण्यासाठी मतदान केलं आणि नीलपंख जिंकला.

तुम्ही तो पाहिला असेल. विजेच्या तारेवर बसलेला मातकट रंगाचा पक्षी, ज्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही. तो उडाला की मात्र पंखांतला निळा रंग उघडतो आणि माणूस जागीच थांबतो. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो हाच.

निवडणूक संपली, फोटो व्हायरल झाले. पण शहरपक्षी होऊन नीलपंखाला नक्की काय मिळालं? याचं उत्तर शोधायचं असेल तर वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर यावं लागेल.

नीलपंखाला जुनं झाडच का लागतं?

तांबट पक्षी चोचीनं कोरून स्वतःचं बीळ तयार करतो. नीलपंखाला ते जमत नाही. तो झाडातल्या आयत्या ढोलीत अंडी घालतो. ढोली तयार होते ती फांदी मोडून, खोड कुजून किंवा दुसऱ्या पक्ष्यानं कोरल्यामुळे. त्यासाठी झाडाला वय लागतं. पिंगळा आणि पोपटही अशाच ढोल्यांच्या शोधात असतात, म्हणजे जागा कमी आणि भाडेकरू जास्त.

गांधीजी १९३६ मध्ये इथे राहायला आले, तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. आश्रमाच्या आवारात आजही मोठी, जुनी झाडं आहेत. सकाळी तासभर तिथे शांत उभं राहिलात, तर पक्षी बघायला वेगळं जंगल गाठावं लागत नाही.

२०२० मध्ये काय झालं होतं?

वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कडेची जुनी झाडं तोडायला सुरुवात झाली. त्यातली अनेक झाडं आश्रमाच्या काळातली असल्याचं लोकांचं म्हणणं होतं. कोरोनाचा काळ असूनही नागरिक रस्त्यावर आले. विरोध वाढला आणि पुढची तोड थांबवावी लागली.

ज्या शहरानं दोन वर्षांपूर्वी ढोलीत राहणारा पक्षी निवडला होता, त्याच शहराच्या रस्त्यावर ढोल्यांची झाडं पडत होती.

कायदा काय सांगतो?

‘शहरपक्षी’ हा सन्मान आहे, संरक्षण नाही. या पदामुळे एकही झाड वाचत नाही.

झाडांसाठी राज्यात १९७५ चा नागरी वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ असा दर्जा दिला. झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असाही नियम आला.

इथे दोन अडचणी आहेत. पहिली, हा कायदा शहरांसाठी आहे. वर्ध्यात नगरपरिषद आहे, सेवाग्राम मात्र ग्रामपंचायत. रस्ता एकच, पण हद्द ओलांडली की नियम बदलतात. दुसरी, ६० वर्षांच्या झाडाऐवजी ६० रोपं लावली तर कागदावर हिशेब जुळतो. पण रोपाला ढोली नसते. नीलपंखानं तोवर कुठे राहायचं?

पक्षी मोजून काय होतं?

२०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा होता. त्याचा आधार होता ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी. यातले बहुतेक जण शास्त्रज्ञ नाहीत, तुमच्याआमच्यासारखे हौशी लोक आहेत.

याच नोंदींतून कळलं की नीलपंखाची संख्या ३० टक्क्यांहून जास्त घटली आहे. त्याच्या जागतिक दर्जाचा फेरविचार करावा, अशी शिफारस अहवालानं केली. सहज दिसतो म्हणून ज्याची कुणाला काळजी नव्हती, त्याची घसरण लोकांच्या वह्या आणि मोबाईलमुळेच उघड झाली.

मग तुम्ही काय करू शकता?

- ‘मर्लिन’ हे मोफत ॲप आवाजावरून आणि फोटोवरून पक्षी ओळखायला मदत करतं. ‘ईबर्ड’वर तुम्ही १५ मिनिटांची नोंदही टाकू शकता. कावळा-चिमणीही लिहा, नेहमीचे पक्षीच आधी विसरले जातात.
- ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत.
- उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत ढोलीजवळ जाऊन फोटो काढू नका. घरट्याचं लोकेशन पोस्ट करू नका.
- तुमच्या रस्त्यावरच्या जुन्या झाडांची यादी करा. कुठल्या झाडाला ढोली आहे, तेही लिहा. झाड पाडायची नोटीस लागली की हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. तेव्हा ही यादी कामाला येते.

वर्धेकरांनी मत देऊन नीलपंखाला निवडून आणलं. निवडून आलेला पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो, अशी आपल्याला सवय आहे. नीलपंख मत मागायला येणार नाही. त्याला ढोली मिळाली नाही, तर तो तारेवर दिसायचा बंद होईल, एवढंच.