शिल्लक नसल्याचा दंड

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. माझ्या आईच्या खात्यात तीन हजार आले. ‘लाडकी बहीण’चे पहिले दोन हप्ते. १७ तारखेला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठा कार्यक्रम झाला, मंत्री आले, भाषणं झाली. आई गेली नव्हती. तिला चार घरची धुणीभांडी होती. सोमवारी राखीपौर्णिमा. ती एटीएमवर गेली आणि चिठ्ठी घेऊन परत आली. चिठ्ठीवर सतराशे आणि वर काही रुपये. मला म्हणाली, “बघ रे, मशीन चुकलं का?”

मशीन चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धक्क्यावरचा खाडा पत्करून मी तिच्याबरोबर शाखेत गेलो. काचेमागचा माणूस चांगला होता, उगीच खोटं कशाला बोला. त्याने खातं बघितलं आणि म्हणाला, “मावशी, खात्यात किमान शिल्लक नव्हती. दंड साचला होता. पैसे आले तसा वळता झाला.”

आई म्हणाली, “म्हंजे पैसे नव्हते म्हणून पैसे कापले?”

तो म्हणाला, “हो.”

आई म्हणाली, “मग असते तर?”

“असते तर कापले नसते.”

मित्रांनो, मी दहावी पास आहे. पुण्याला समुद्र नाही, तरी मी धक्क्यावरचाच मजूर. वाघोलीच्या पुढे गोदामांच्या रांगा आहेत, तिथे ट्रक उलटा लागतो त्याला धक्का म्हणतात. दिवसभर खोकी चढवतो-उतरवतो, रात्री चार ओळी लिहितो. अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. पण आईच्या या दोन प्रश्नांत जेवढं अर्थशास्त्र आहे तेवढं मला कुठल्या पेपरच्या अग्रलेखात सापडलेलं नाही. ज्याच्याकडे आहे त्याला सूट, ज्याच्याकडे नाही त्याला दंड. गुन्हा काय? शिल्लक नसणं. म्हणजे गरीब असणं. आणि हा दंड कुठल्या कोर्टाने लावला नाही. यंत्राने लावला, महिन्याच्या महिन्याला, न बोलता.

आता कुणी म्हणेल, ही एका बाईची गोष्ट. तर तसं नाही. त्याच महिन्यात महाराष्ट्रभर बायकांच्या खात्यांतून असे पैसे कापले गेले, इतके की सरकारला बँकांना सांगावं लागलं, या योजनेचे पैसे जुन्या थकबाकीत वळते करू नका. आमच्या शाखेत आम्ही ते सांगितलं. उत्तर आलं, “आमच्याकडे लेखी काही आलेलं नाही.” मंत्र्याचं बोलणं टीव्हीवर येतं, शाखेत येत नाही.

आईचं खातं कसं उघडलं तेही ऐका. ती आधी एका आयटी कंपनीत झाडूपोछ्याला होती, ठेकेदाराकडून. त्यानेच पगारासाठी खातं काढून दिलं. पगाराचं खातं, शिल्लक नसली तरी चालायचं. ठेका बदलला, माणसं बदलली, आईचं काम गेलं. दोन-तीन महिने पगार जमा झाला नाही की ते खातं आपोआप साधं बचत खातं होतं, आणि किमान शिल्लकेचा नियम लागू होतो. आईला हे कोण सांगणार? संदेश आला असेल तर इंग्रजीत, जुन्या नंबरवर. म्हणजे काम गेलं त्या दिवसापासून तिला दंड सुरू झाला. काम जाण्याचा दंड!

आता देशाचा हिशेब बघू. भारतीय स्टेट बँकेने एप्रिल २०१७ पासून किमान शिल्लकेचा दंड पुन्हा सुरू केला. मोठ्या शहरांत महिन्याला सरासरी ५००० रुपये पाहिजेत. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत त्या एका बँकेने या दंडातून १७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत तिचा नफा होता १५८१ कोटी. दंड तिमाहीच्या नफ्यापेक्षा मोठा! बोंब झाली तेव्हा आधी मर्यादा ३००० वर आणली, मग एप्रिल २०१८ पासून दंड घटवला, आणि मार्च २०२० मध्ये बंद केला. पण बाकीच्या सरकारी बँकांचं चालूच होतं. २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी मिळून या दंडाचे जवळजवळ ८९०० कोटी घेतले. हा आकडा माझा नाही, सरकारने संसदेत दिलेला आहे.

बँकवाले म्हणतात, खातं चालवायला खर्च येतो. येत असेल. मग हिशेब पुरता करा. जनधन खात्यांवर पोरंसोरं हसायची, शून्याची खाती म्हणून. २०२५ च्या ऑगस्टात त्या ५६ कोटी खात्यांत अडीच लाख कोटींपेक्षा जास्त रक्कम होती. या पैशावर बँक अडीच टक्क्यांच्या आसपास व्याज देते आणि तोच पैसा कर्जाला लावून कितीतरी जास्त मिळवते. म्हणजे आमचा पैसा तिच्याकडे स्वस्तात पडून आहे. उपकार कोण कुणावर करतंय? आणि दुसरीकडे २०१४-१५ पासून दहा वर्षांत बँकांनी १६ लाख कोटींपेक्षा जास्त कर्जं आपल्या वह्यांतून उतरवली. सरकार म्हणतं ही माफी नाही, वसुली चालू राहते. ठीक आहे, मानलं. पण त्या मोठ्या शेठची वसुली ‘चालू राहते’ आणि माझ्या आईची वसुली राखीच्या सणाला, पैसे पडल्या पडल्या होते. हा फरक कुठल्या नियमात लिहिलाय ते दाखवा.

शून्य शिल्लकेच्या खात्यालासुद्धा सोडलं नाही यांनी. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये मूलभूत बचत खातं आणलं. किमान शिल्लक नाही, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. पाचव्या वेळेला काय? स्टेट बँक दर वेळी १७ रुपये ७० पैसे कापत होती, यूपीआयने पैसे दिले तरीही. आयआयटी मुंबईच्या एका अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवून दिलं की २०१५ ते २०२० या काळात सुमारे १२ कोटी गरीब खातेदारांकडून असे ३०० कोटींपेक्षा जास्त गोळा झाले. डिजिटल व्यवहारांवर कापलेल्या पैशापैकी काही पुढे परत करायला लागले. सतरा रुपये सत्तर पैसे म्हणजे काय, हे कोथरूडला कळणार नाही. ताडीवाला रोडला विचारा. सकाळचा चहा आणि वडापाव आहे तो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. १ ऑगस्ट २०२५ पासून आयसीआयसीआय बँकेने मोठ्या शहरांतल्या नव्या बचत खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक १० हजारांवरून ५० हजार केली. आणि मग काय विचारता राव! पेपर, टीव्ही, मोबाइल, सगळीकडे एकच कल्लोळ. मध्यमवर्ग चवताळला. बँक फक्त श्रीमंतांची झाली म्हणाला. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरना पत्रकारांनी विचारलं, ते म्हणाले, किती शिल्लक ठेवायची हे आम्ही बँकांवर सोडलंय. तरीही दोन आठवड्यांच्या आत, १३ ऑगस्टला, बँक ५० हजारांवरून १५ हजारांवर आली.

ही जीत आहे, मी नाकारत नाही. पण दोस्तहो, तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ५० हजारवाल्याच्या नुसत्या नव्या नियमाला पंधरवडाही टिकता आलं नाही. १७ रुपये ७० पैशांची कापाकापी पाच वर्षं चालली, आणि ती उघडी पडायला आयआयटीतला अभ्यास लागला. बँकेला ओरडा ऐकू येतो, पण कुणाचा? ज्याचं खातं दुसऱ्या बँकेत जाईल याची भीती वाटते त्याचा. आमचं खातं गेलं तर गेलं. आणि चवताळलेल्या त्या माणसांपैकी कितीजणांना तेव्हा आठवलं की आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला हा दंड कित्येक वर्षं बसतोय? ‘बँक श्रीमंतांची झाली’ म्हणे. आमच्यासाठी ती कधी नव्हती तशी?

खरं तर एकदा झाली होती थोडीफार. १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात आपल्या पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. बँकेने गावात जावं, गरिबाला दारात घ्यावं असं ठरलं. दारात घेतलंही. मग दारातून आत येण्याचं भाडं लावलं.

आता कार्डाचं. आमच्या गोदामातला सुपरवायझर सगळ्यांच्या जेवणाचं बिल आपल्या क्रेडिट कार्डावर देतो आणि आमच्याकडून पैसे घेतो. पहिल्यांदा वाटलं, दिलदार माणूस. मग कळलं, त्याला पॉइंट मिळतात. त्या पॉइंटवर एकदा तो विमानतळावरच्या लाउंजमध्ये दोन रुपयांत जेवून आला, फोटो दाखवला. हल्ली तो वैतागलाय. भाड्यावरचे पॉइंट गेले, विजेच्या बिलावरचे घटले, लाउंजला आधी अमुक हजार खर्च करा अशी अट आली. म्हणतो, “बँकेने फसवलं.” त्याचा राग खोटा नाही. बक्षीस दाखवून सवय लावायची आणि सवय लागली की बक्षीस आखूड करायचं, हा बँकेचा जुना धंदा आहे.

पण मी त्याला विचारलं, साहेब, तुम्हाला मिळत होतं ते येत कुठून होतं? बँक काय खिशातून देते? क्रेडिट कार्ड घासलं की दुकानदाराकडून दोन टक्क्यांच्या आसपास कापून घेतात. दुकानदार ते मालाच्या किमतीत घालतो. किंमत सगळ्यांना एकच. म्हणजे त्याच दुकानात रोख देऊन तेलाची पिशवी घेणारी माझी आई त्याच्या पॉइंटमध्ये वाटा घालते. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला होता. सरासरी रोखीवालं घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे सरकवतं आणि कार्डवालं घर ११३३ डॉलर पदरात पाडून घेतं. आपल्याकडे तो हिशेब वेगळा निघेल, पण पाणी त्याच उताराने वाहतं. उरलेला पैसा येतो कार्डाचं बिल पुरतं न भरणाऱ्याकडून, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने. वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. गावातल्या सावकाराने हा दर लावला तर त्याला सावकारी म्हणतात. चकचकीत कार्डावर लावला तर ‘सुविधा’.

सुपरवायझर थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माझे दोन हप्ते थकलेत.” म्हणजे तोही त्याच सापळ्यात. वरच्या पायरीवर इतकंच.

सावकारीवरून आठवलं. १२ मे १८७५ ला याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि कर्जरोखे नि वह्या जाळल्या. लोण बाकीच्या गावांत पसरलं, नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. इंग्रजाने आधी फौज पाठवली, मग चौकशी नेमली, आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्यांना माहीत होतं, अन्याय कुठे लिहिलाय. आज ती वही संगणकात आहे. काडी लावायला कागदच नाही. म्हणून वही वाचायला शिकलं पाहिजे.

बाबासाहेबांनी हेच केलं. १९२३ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि एका वर्गाचा फायदा दुसऱ्या वर्गाच्या ताटातून काढलेला असतो, हे त्यांनी मांडलं. शंभर वर्षं झाली. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावतो आणि पासबुक न वाचता कपाटात ठेवतो. याची लाज मला वाटली, म्हणून हे लिहितोय.

तर करायचं काय? एक, वस्तीत बसून पासबुकं वाचायची. दर रविवारी, बुद्धविहारात, शाळकरी पोरांना हाताशी घेऊन. प्रत्येक कापलेल्या रुपयासमोर खूण. दोन, लेखी अर्ज द्यायचा की आमचं बचत खातं मूलभूत खातं करा. तो आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तीन, नियम तोंडपाठ करायचे. शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी कळवायला पाहिजे, महिन्याची मुदत द्यायला पाहिजे. दंड लावून खातं उणे करता येत नाही. पुणे एटीएमच्या बाबतीत महानगरांच्या यादीत नाही, म्हणून दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन नव्हे, पाच व्यवहार फुकट आहेत. त्याच्या वर गेलं की १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. चार, शाखेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रारीला पैसा लागत नाही. आणि पाच, एकट्याने जायचं नाही. एकटा गेला तर ‘मावशी’, पन्नास गेले तर ‘शिष्टमंडळ’. याच शहरात हमालांनी, कागदकाच वेचणाऱ्या बायांनी आपली पंचायत केली, आपली पतसंस्था काढली. त्या शिकलेल्या होत्या म्हणून नाही. एकत्र होत्या म्हणून.

२०२५ मध्ये बऱ्याच सरकारी बँकांनी हा दंड बंद केला. चांगलं झालं. पण आमची दया आली म्हणून केला, असं समजू नका. ठेवी कमी पडायला लागल्या की लहान माणूसही गोड लागतो. उद्या गरज सरली की पाटी बदलेल. आणि आधी घेतलेल्या ८९०० कोटींचं काय? ते कुणी परत करतो म्हणालं का? कुणी मागितले का?

आईचे बाराशे आणि वरचे काही रुपये आम्ही मागितले. अर्ज केला, पोच घेतली, चार खेपा घातल्या. अजून आले नाहीत. आई म्हणते, “जाऊ दे रे, तुझे चार खाडे झाले.”

जाऊ द्यायचं नाही. एवढंच सांगायचं होतं.