‘स्वकष्टार्जित’ म्हणजे कोणाच्या कष्टाचे?

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील सुतार, सोनार, कुंभार आणि चितारी यांनी पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबाची तरतूद केली ती मुख्यतः धंदा शिकवून. मुलाच्या हाती करवत, ऐरण किंवा चाक सोपविले की बापाचे कर्तव्य पार पडले, असे मानले जाई. मुलीच्या वाट्याला लग्नातील चार दागिने येत आणि विधवेच्या वाट्याला अन्नवस्त्र. या व्यवस्थेतील जिव्हाळ्याचे गोडवे आजही गाइले जातात. त्या जिव्हाळ्यात बाईचा हक्क कोठे होता, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मृत्युपत्राचा मार्ग होता, पण अरुंद. मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातील पुरुषाला आपल्या अविभक्त हिश्शाचे मृत्युपत्र करता येत नसे; ते करता येई फक्त स्वकष्टार्जित मिळकतीचे. भावाभावांनी वडिलोपार्जित भांडवलावर चालविलेल्या धंद्याची कमाई एकत्र कुटुंबाचीच ठरे. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहराला लागू झाला. तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेल्या मालवणला नाही. तेथील हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही ग्राह्य धरले जाई. लेखाचे आणि दोन साक्षीदारांचे बंधन आले ते १ जानेवारी १९२७ पासून. तोवर अंथरुणाशी बसलेल्या भाऊबंदांना जेवढे आठवेल, तेवढाच विधवेला आधार!

१९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण तो हयातीपुरता. हिंदू कोड बिल रखडल्याच्या निषेधाचाही भाग म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यानंतर आलेल्या १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकी दिली आणि मुलीला वारस मानले. मात्र त्याच कायद्याच्या तिसाव्या कलमाने पुरुषाला एकत्र मिळकतीतील स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि संसदेने २००५ साली मुलीला जन्मजात सहदायाद केले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कावर शिक्कामोर्तब केले. तरीही बापाचा स्वतःचा हिस्सा आणि त्याची स्वकष्टार्जित मिळकत या संरक्षणाबाहेरच राहिली. दोन साक्षीदारांच्या सह्यांचा एक कागद पत्नीला आणि लेकीला त्यातून पूर्णपणे वगळू शकतो. फार तर त्यांना पोटगी मागता येते. म्हणजे पुन्हा तेच अन्नवस्त्र.

कारागिराच्या घरात ‘स्वकष्टार्जित’ हा शब्दच मुळात फसवा आहे. कुंभाराची बायको माती मळते, मडकी वाळविते, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठते. सुताराची बायको घर सांभाळते म्हणून त्याचा हात दिवसभर हत्यारावर राहतो. शाळा सोडून घरी राबलेल्या लेकीच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत नसते. या साऱ्या श्रमांतून उभे राहिलेले दुकान आणि त्यामागची चार गुंठे जागा एकट्या पुरुषाच्या कष्टाची कशी? १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, किनाऱ्यालगतच्या जमिनीला भाव आला. जेथे भाव वाढतो, तेथे लेकीला वगळण्याचा मोहही वाढतो.

यावर उपाय शोधायला दूर जायला नको. तेरेखोलची खाडी ओलांडून पेडण्यात गेले की कायदा बदलतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा सांगणाऱ्या गोव्याच्या कायद्यात, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर, दांपत्याच्या मिळकतीत पत्नीचा अर्धा वाटा असतो. मुले असतील तर पतीला आपल्या वाट्याच्या अर्ध्याच भागाचे मृत्युपत्र करता येते; उरलेला अर्धा मुलामुलींचा. मुस्लिम कायद्यातही वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. लेकीचा वाटा मुलाच्या निम्मा ही त्यातील विषमता असली, तरी मर्यादेचे तत्त्व योग्यच आहे. 

म्हातारपणी सांभाळणाऱ्या मुलाला अधिक द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही. पण त्यासाठी मिळकतीचा मोकळा भाग पुरेसा आहे. सांभाळणाऱ्या सुनेला आणि लेकीलाही त्यातून देता येईल. मृत्युपत्राचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर हात मारण्याचे स्वातंत्र्य नव्हे.

म्हणून तिसाव्या कलमाला मर्यादा घातली पाहिजे. पत्नीचा आणि अपत्यांचा किमान अर्धा वाटा मृत्युपत्राच्या आवाक्याबाहेर ठेवला पाहिजे. तोवर कारागिरांच्या संघटनांनी आणि सहकारी संस्थांनी दुकान, जागा व हत्यारे यांच्या कागदांवर पत्नीचे नाव मालक म्हणून हयातीतच लावण्याचा आग्रह धरावा. धंदा दोघांनी चालविला, तर सातबाऱ्यावर नाव एकाचेच का?