वकील पहिल्या रिमांडलाच हवा

बांधावरून दोन भावकींत हाणामारी होते. एकाचे डोके फुटते, दुसऱ्याच्या हातावर विळ्याचा घाव बसतो. जो आधी पोलीस ठाणे गाठतो तो फिर्यादी ठरतो, मागे राहिलेला आरोपी. अशा प्रकरणाला पुढे कोणते वळण लागणार, हे बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांतच ठरते, आणि नेमक्या त्याच वेळी गरीब आरोपीच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत मारहाण हा एकच एक गुन्हा नाही. साध्या दुखापतीला कलम 115(2) लागते. शिक्षा फार तर 1 वर्ष, आणि गुन्हा अदखलपात्र. ठाण्यात एनसी नोंदवली जाते, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. हाड मोडले की ती गंभीर दुखापत होते आणि शिक्षा 7 वर्षांपर्यंत जाते. धारदार शस्त्राने गंभीर दुखापत केली तर जन्मठेपेचीही तरतूद आहे. फिर्यादीत ‘जिवे मारण्याच्या उद्देशाने’ एवढे शब्द आले की खुनाच्या प्रयत्नाचे कलम 109 पुढे येते. तीव्र वेदना किती दिवस राहिल्या म्हणजे दुखापत गंभीर, ही मर्यादाही आता 20 वरून 15 दिवसांवर आली आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि फिर्यादीतली दोन-तीन वाक्ये यांवर माणसाची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

खरी अडचण आरोपीच्या स्वतःच्या जखमांची असते. स्वसंरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये स्पष्टपणे दिला आहे. पण ‘मीही मार खाल्ला’ हे दोन वर्षांनी साक्षीपुराव्याच्या वेळी सांगून उपयोग काय? तोवर वळ गेलेले असतात. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होऊन अंगावरच्या खुणा नोंदवल्या गेल्या पाहिजेत आणि अहवालाची प्रत अटक झालेल्याला मिळाली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 53 सांगते. आरोपीच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, तर त्या पक्षाच्या कहाणीबद्दलच शंका उभी राहू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच म्हटले आहे. मात्र ही प्रत मागायची असते हे आरोपीला कोण सांगणार? ते वकिलाचे काम, आणि तो पहिल्या रिमांडलाच शेजारी उभा असेल तरच ते होईल.

हे औदार्य नव्हे. राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला आहे. मुंबई हल्ल्यातील अजमल कसाबच्या अपिलावर 2012 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे न्यायदंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. वरळीतील बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: अटकेची कारणे आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्या, आणि तीही रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. मेळघाटातल्या कोरकू तरुणाला हा निकाल लागू करायचा, तर छापील मराठी कागद हातात देऊन भागणार नाही.

व्यवस्था कागदावर तयार आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अनेक जिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत आणि 15100 ही मदतवाहिनी आहे. तरीही नातेवाईक आधी धाव घेतात ती गावपुढाऱ्याकडे, मग दागिने गहाण ठेवून खासगी वकिलाकडे. फुकटचा वकील मन लावून लढणार नाही, ही लोकांची भीती निराधार म्हणता येणार नाही. ती घालवायची तर या कार्यालयांना पुरेशी माणसे आणि वेळेवर मानधन द्यावे लागेल.

काही ठिकाणी वकील संघटनाच ठराव करतात, की या आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही. संतापाच्या भरात ते समजण्याजोगे वाटते, पण असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच जाहीर केले आहे. बचावाविना झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही आणि त्याची किंमत मार खाल्लेल्या फिर्यादीलाच मोजावी लागते.

राज्याच्या गृह विभागाने प्रत्येक ठाण्यात दर्शनी भागी लोक अभिरक्षकाचे नाव व फोन लावावा, अटकेची खबर नातेवाइकांबरोबरच त्या कार्यालयालाही देणे बंधनकारक करावे, आणि ती किती वाजता दिली याची नोंद स्टेशन डायरीत असावी. रिमांड देताना न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती नोंद मागून पाहावी.