कुत्र्याची जोडी घेताय? आधी सोयरीक बघा!

पनवेलच्या आसपास फार्महाउस वाढली, तशी कुत्र्यांची आवडही बदलत गेली. आधी जर्मन शेफर्ड आणि लॅब, मग आपल्या दमट उकाड्यात थेट हस्की! आता मात्र एक चांगली गोष्ट दिसतेय. लोक आपल्या मातीतल्या कुत्र्याची चौकशी करू लागलेत. कुणी त्याला कारवानी म्हणतं, कुणी मुधोळ, अंगावर लांब केस असतील तर पश्मी. लातूर, सोलापूरकडून पिल्लं येतात. याचा आनंदच आहे.

खटकते ती एकच पद्धत, 'जोडी' घेण्याची. एकाच वेतातलं एक नर, एक मादी. दीड-दोन वर्षांनी त्यांचंच मेटिंग आणि मग "घरची पिल्लं, एकदम प्युअर लाईन, बाहेरचं रक्त नाही" म्हणून स्टेटस. माणसाचं स्थळ आलं की आपण देवक विचारतो, गोत्र विचारतो, चार पिढ्या उकरून काढतो. शेळ्या पाळणारासुद्धा दोन वर्षांनी बोकड बदलतो, त्याच्याच पाटी त्याच्याखाली येऊ नयेत म्हणून. कुत्र्याच्या बाबतीत मात्र सख्खे बहीण-भाऊ एकत्र ठेवून आपण त्याला शुद्धता म्हणतो!

हे नुसतं भावनेनं बोलत नाही, यात साधा हिशेब आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बरेच आनुवंशिक आजार दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच दिसतात. एकच बिघडलेली असेल तर कुत्रा ठणठणीत राहतो, फक्त आजाराचा वाहक असतो. सख्ख्या बहीण-भावांच्या पिल्लांत सरासरी 25 टक्के जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता असते. सावत्र बहीण-भाऊ असतील तर साडेबारा टक्के. म्हणजे आजोबांच्या अंगात जे दडून होतं, ते नातवंडांत बाहेर यायची वाट आपणच मोकळी करून देतो. आजार दिसला नाही तरी वेतात पिल्लं कमी होणं, ती न जगणं, हे हळूहळू सुरू होतं. आपण म्हणतो, "यंदा नशीब नव्हतं."

आता जनुकीय चाचणीबद्दल. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा आणि तो प्रयोगशाळेत पाठवायचा, इतकं ते सोपं आहे. पण ही चाचणी दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी असते आणि लोक त्यांत गल्लत करतात.

पहिली आजाराची. यात ठराविक जनुकातला ठराविक बिघाड शोधतात. लॅब्राडॉरमध्ये हळूहळू आंधळं करणारा डोळ्यांचा आजार असा तपासता येतो. दुसरी विविधतेची. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कुत्र्याच्या डीएनएमधल्या 33 खुणा आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकं तपासून सांगतात, की हा कुत्रा आतून किती एकसारखा झालाय आणि जातीत एकूण किती वैविध्य उरलंय. जोडी कशी लावायची, ते ठरवायला ही दुसरी चाचणी जास्त कामाची.

इथे एक धोका आहे. रिपोर्टमध्ये 'वाहक' आलं की तो कुत्रा बाद, असं करायचं नाही. वाहकाला वाहक लावला तर सरासरी चारातलं एक पिल्लू आजारी निघेल. पण वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर त्या आजाराचं एकही पिल्लू आजारी होत नाही. सगळे वाहक बाजूला काढले तर एक आजार जाईल, पण त्यांच्याबरोबर चांगली जनुकंही जातील आणि उरलेल्या मोजक्या कुत्र्यांत पुढचा आजार वर येईल. चाचणी जोडी लावण्यासाठी आहे, कुत्री गाळण्यासाठी नाही.

'बाहेरचं रक्त नको' या हट्टाचं काय होतं, ते डाल्मेशियनवाल्यांना विचारा. त्या जातीत लघवीतून जास्त यूरिक ॲसिड जाण्याचा दोष इतका पसरला, की निर्दोष प्रत जातीत उरलीच नाही. कित्येक कुत्र्यांना मुतखडे. 1973 साली रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्राच्या अभ्यासकाने एका पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. कुत्रे दिसायला, वागायला डाल्मेशियनच राहिले, पण दोष गेला. तरी क्लबवाल्यांची भांडणं कित्येक वर्षं चालली. अमेरिकन केनेल क्लबने ही कुत्री नोंदवायला घेतली ती 2011 साली! बसेंजी जातीसाठी मात्र त्याच क्लबने 1990 साली बंद नोंदवही पुन्हा उघडली आणि आफ्रिकेतल्या गावांतून आणलेली कुत्री त्यात घेतली.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. त्यांना आफ्रिकेत जावं लागलं, आपली 'आफ्रिका' लातूर-सोलापूरच्या वस्त्यांवर आहे. कुठलाही कागद नसलेली, शेतावर राहणारी, रानात पळणारी कारवानी कुत्री हाच आपला जनुकांचा साठा. पण चाललंय काय? शो जिंकलेल्या एकाच नराकडे दहा गावच्या माद्या जातात. शर्यतीसाठी कुणी गुपचूप ग्रेहाउंडचा क्रॉस करतं आणि पिल्लं 'ओरिजिनल' म्हणून विकतं. साठा दोन्हीकडून आटतोय.

कर्नाटकाने निदान सुरुवात तरी केली. मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. 2005 साली मुधोळ हाउंडचं टपाल तिकीट निघालं, 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, म्हणजे हा वारसा आपलाही आहे. मग महाराष्ट्र कुठे आहे? उदगीरला आणि परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही मराठवाड्यात. उदगीर तर लातूर जिल्ह्यातच, कारवानीच्या घरातच. तिथून गावोगावच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या कुत्र्यांचे नमुने घेऊन एक यादी करणं हे काही चांद्रयान नाही.

आणि हे आपणच करायला हवं. बाजारात मिळणाऱ्या आजारांच्या चाचण्या मुख्यतः परदेशी जातींवरून बनल्यात. त्यांत कारवानी 'क्लिअर' आला म्हणजे त्याला काही आजार नाही, असं होत नाही. आपल्या कुत्र्यांना नेमकं काय होतं, कशाने मरतात, याची नोंद आधी हवी. शिवाय खुब्याच्या सांध्याच्या दोषात अनेक जनुकं आणि खाणं-वाढणंही येतं. तिथे एक्स-रेच लागतो.

सरकार हलेपर्यंत आपल्या हातात काय आहे?

पाळणाऱ्यांनी : नर-मादी दोन्ही हवीत ना, जरूर घ्या. पण नर एका तालुक्यातला, मादी दुसऱ्या. आई-बाप आणि आजी-आजोबा कोण, ते विचारा. सांगता येत नसेल तर पिल्लू पाळा, पण पैदास नको.

विकणाऱ्यांनी : 2017 चे केंद्राचे श्वान पैदास नियम वाचा. नोंदणी हवी, मायक्रोचिप हवी, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आत मादी लावता येत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. चिप असेल तरच पुढे वंशावळीला अर्थ.

कारवानीच्या ग्रुपवाल्यांनी : 'कोणाची लाईन प्युअर' यावर रात्र रात्र भांडण्यापेक्षा कोणाची कुत्री कोणाच्या नात्यात नाहीत, याची वही करा. एकच चॅम्पियन सगळीकडे फिरवू नका, नर बदलत राहा.

पनवेलमध्ये बसून आपण लातूरची जात वाचवणार नाही, हे खरं. पण मागणी इथून जाते, पैसे इथून जातात. आपण 'जोडी' मागायची थांबवली तर तिकडे ती विकली जायचीही थांबेल.

तुमच्याकडे कारवानी असेल तर त्याचं मूळ गाव आणि आई-बापाची माहिती कमेंटमध्ये लिहा. वहीची सुरुवात इथूनच करूया.