आईच्या नावाचा राजा

लालबागच्या आमच्या चाळीत दारावरच्या पाटीला वडिलांचं नाव होतं; गिरणीतल्या वीस-बावीस कामगारांची खाणावळ मात्र आई चालवायची. म्हणूनच असेल, नाशिकच्या पांडवलेण्यात तिसऱ्या लेण्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा गलबलून आलं. राजा गौतमीपुत्र सातकर्णी. एवढा मोठा जेता, आणि ओळख आईच्या नावाने!

त्याच्या बालपणाची एकही गोष्ट तिथल्या प्राकृत लेखात नाही. पण तो लेख आई गौतमी बलश्रीचा आहे, नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. शक, यवन, पल्हवांना हरवणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा मुलगा. आणि त्याच दमात आईची सेवा करणारा, रयतेच्या सुखदुःखात वाटेकरी, धर्माला धरून कर घेणारा. संस्कारांची याहून मोठी साक्ष कोणती? त्याच्या 24व्या राज्यवर्षातल्या हुकमातही राजमाता त्याच्या जोडीने येते.

शक राजा नहपानाच्या हातून त्याने हा मुलूख सोडवला. 1906मध्ये जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला ठसा उमटवलाय.

1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सरकारने सक्तीचं केलं, ते योग्यच झालं. आता परळ-लालबागच्या शाळांनी सहल वॉटर पार्कऐवजी पांडवलेण्याला न्यावी. पायऱ्या चढताना मुलं दमतील. वर लेण्याच्या ओसरीत गारवा असतो.